हवेच्या मागावर किरणोत्सर्ग

जमिनीलगतची हवा किती घुसळली जाते, त्यावर धुराड्यातला धूर पांगेल की वस्तीवर साचेल हे ठरते. ही घुसळण मोजण्यासाठी किरणोत्सर्गी पदार्थ वापरावेत का, याबद्दल जाणत्यांत मतभेद आहेत आणि ते समजण्यासारखे आहेत.

वापरावेत म्हणणाऱ्यांचा भक्कम आधार म्हणजे रेडॉन. मातीतल्या युरेनियमच्या विघटनसाखळीतून तो आपसूक झिरपतो, कशाशी संयोग पावत नाही, पावसाने धुऊन जात नाही, अर्धायुष्य 3.8 दिवस. थंडीत निरभ्र रात्री जमीन गार होते, वारा पडतो, वरची उबदार हवा झाकणासारखी बसते आणि रेडॉन खाली साचत जातो. पहाटे नोंद चढलेली असते. ऊन तापले, हवा वर उसळू लागली की दुपारपर्यंत ती झपाट्याने उतरते. रोजचा हा हिशेब निसर्ग फुकटात देतो.

मात्र उगमावर आपला ताबा नसतो. पावसाळ्यात कोकणातली माती भिजून तिची छिद्रे बुजतात, शिवाय समुद्रावरच्या वाऱ्यात रेडॉन मुळातच कमी. मग नोंद घटली ती घुसळणीमुळे की उगम आटल्यामुळे? ठरल्या जागी, मोजून पदार्थ सोडला तर ही शंका उरत नाही. हा आक्षेप खोडता येत नाही.

दुसरीकडे, अशा सोडण्याचा इतिहास आहे. 2 डिसेंबर 1949 च्या रात्री अमेरिकेतील हॅनफर्डच्या प्लुटोनियम कारखान्यातून सुमारे 8,000 क्युरी आयोडीन-131 मुद्दाम हवेत सोडले गेले. हेतू होता अशाच सोव्हिएत कारखान्यांचा सुगावा घेणारी उपकरणे पारखण्याचा. हवामानाने दगा दिला. आसपासच्या लोकांना हे कळले ते 1986 मध्ये!

मग किरणोत्सर्ग नसलेला सल्फर हेक्झाफ्लोराइड वापरावा? प्रयोगाला तो थोडाच लागतो, हे खरे. तथापि शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त आहे.

आमचा कल रेडॉनकडे आहे, मात्र त्यासोबत मातीतून निघणारे त्याचे प्रमाणही मोजले जावे. मुद्दाम काही सोडू नये. बेल्जियममधील मोलच्या अणुभट्टीतून एरवीही बाहेर पडणाऱ्या आर्गॉन-41 चा (अर्धायुष्य जेमतेम 110 मिनिटे) माग काढला गेला, तसे करायला हरकत नाही. पण उत्सर्जनाचे तासागणिक आकडे भट्टी चालवणाऱ्यांनी शेजारच्या गावांनाही द्यावेत, केवळ संशोधकांना नव्हे.