सरासरीत आपली भाकरी किती?



देशाचे उत्पन्न वाढले, अशी बातमी दरवर्षी येते. एकूण उत्पन्नाला लोकसंख्येने भागले की दरडोई उत्पन्न निघते. हा भागाकार दादाभाई नौरोजींनी इंग्रजांपुढे मांडला. १८६७-६८ सालचे त्यांचे उत्तर होते माणशी वीस रुपये. तुरुंगातल्या कैद्यावरचा खर्चही याहून जास्त होता. दादाभाईंनी आकडा पोटाशी ताडून पाहिला. आपणही पाहू.

२०१८-१९ साली दरडोई उत्पन्न सव्वा लाखाच्या आसपास होते. त्याच वर्षीच्या सरकारी नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबाची कमाई निघाली महिन्याला सरासरी १०,२१८ रुपये. वर्षाची १ लाख २२ हजार. देशातल्या एका माणसाची सरासरी, तेवढी आपल्या अख्ख्या घराची कमाई! त्यातही पिकाचे ३,७९८ आणि मजुरीचे ४,०६३. राष्ट्रीय उत्पन्नात कंपन्यांचा नफाही धरतात, हे खरे. पण तो आपल्या चुलीपर्यंत येत नाही, हेही खरे.

१९५०-५१ साली राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा निम्म्याहून अधिक होता. २०२३-२४ साली तो १८ टक्क्यांच्या आसपास होता. काम करणारे हात मात्र तेव्हाही ४६ टक्के शेतातच होते. म्हणजे शंभर भाकरींतल्या १८ भाकरी ४६ जणांत, आणि उरलेल्या ८२ भाकरी ५४ जणांत.

कारखानदारी वाढली की शेतीचा वाटा घटतो, हे जगभर झाले. पण तिथे माणसेही शेतीबाहेर गेली. आपल्याकडे त्यांना बाहेर पुरेसे काम मिळाले नाही. दुसरे कारण भावाचे. उत्पन्न क्विंटलात नव्हे, रुपयांत मोजतात. १९ ऑगस्ट २०२५ रोजी, वेचणी तोंडावर असताना, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि मग ही सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. अशाने कापसाचा भाव उतरला, तर आपल्या खात्यातून वजा झालेला पैसा गिरणीच्या खात्यात जमा होतो. देशाच्या बेरजेत काहीच बिघडलेले दिसत नाही!

आणि आपल्याला सांगतात, एकरी उतारा वाढवा. मी शेतकी पदवीधर; कोरडवाहूत उतारा वाढलाच पाहिजे, हे मीही सांगतो. पण भाव पाडून ठेवला, तर वाढलेला उतारा दुसऱ्याच्याच घरी जातो.

पुढच्या बैठकीला येताना कापूस-ज्वारीचा एकरी खर्च आणि विक्रीची पट्टी घेऊन या. देश किती वाढला, ते आपण पट्टीवरून ठरवू.