शेकरूचं जंगल राखलं कोणी? वन विभागाने की गावाने?

चाकणची एमआयडीसी आणि भोरगिरीचं जंगल एकाच खेड तालुक्यात आहे. पूर्वेला गाड्यांचे कारखाने, पश्चिमेला भीमाशंकर अभयारण्य. पिंपरी-चिंचवडची तहान पवनेवर भागेना, तेव्हा आंद्रा आणि भामा आसखेड या दोन धरणांतून मिळून रोज २६७ दशलक्ष लिटर पाणी आणायचं ठरलं. म्हणजे या डोंगरपट्ट्याचं काय होतं, हा प्रश्न तुमच्या नळापर्यंत येतो.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर. ओळख म्हणजे शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत जातो. त्यामुळे नुसती झाडं असून भागत नाही, फांदीला फांदी भिडलेली लागते. मधली दहा झाडं गेली की त्याचा रस्ताच तुटतो. रस्त्याकडेला रांगेत लावलेली रोपं त्याच्या काही कामाची नाहीत, फोटो कितीही छान येवो!

मग १९८५ आधी हे जंगल कसं टिकलं?

मोठा वाटा देवरायांचा. देवाच्या नावाने राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, असा गावाचा दंडक. आहुपे परिसरातल्या अशा राया प्रसिद्ध आहेत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा हा विषय शास्त्रज्ञांच्या चर्चेत आला.

पण सगळं श्रेय श्रद्धेला देणं बरोबर नाही. इथल्या महादेव कोळी कुटुंबांना झाडातून पैसाही मिळतो. आंबेगाव, जुन्नर, खेडच्या पश्चिम पट्ट्यात उन्हाळ्यात हिरडा गोळा करून विकतात. उभं झाड दरवर्षी उत्पन्न देतं, तोडलेलं एकदाच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं पडली आणि भरपाईसाठी आदिवासींना पुढची काही वर्षं आंदोलनं करावी लागली. राखणदाराचं नुकसान सरकारी हिशेबात किती उशिरा येतं, ते इथे दिसलं.

कायदा काय सांगतो?

२००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क देतो. अभयारण्यातही हक्क मान्य केल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय लोकांना हलवता येत नाही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये हा सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे ग्रामसभेने बांबू स्वतः विकला. भीमाशंकर पट्ट्यात मात्र 'अभयारण्य' हा शब्द अनेकांना आजही बंदी म्हणूनच ऐकू येतो.

त्यात ३१ जुलै २०२४ ला केंद्राने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा काढला. त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. मसुद्याचा मुख्य रोख खाणी, औष्णिक वीज आणि अतिप्रदूषणकारी उद्योगांवर आहे. पण गावात चर्चा होते ती आपलं घर दुरुस्त करता येईल का, याची. ही भीती पसरते कारण मसुदा गावकऱ्यांना समजेल अशा भाषेत कोणी वाचून दाखवत नाही. गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात निर्णय ग्रामसभेपासून सुरू व्हावेत, असं सुचवलं होतं. आलेले मसुदे मात्र वरून खाली आले, हातात गावांची यादी घेऊन.