वारसा फक्त वाड्यांचाच असतो का?

पनवेल हे खाडीकाठचे जुने बंदर. इथल्या वाड्यांचा विषय निघाला की "वारसा जपला पाहिजे" असे सगळेच म्हणतात. मग आम्ही विचारतो, कष्टकऱ्यांच्या घरांना वारसा नसतो का?

याच कोकणातून आपले पूर्वज मुंबईच्या गोदीत, गिरण्यांत राबायला गेले. 1896 च्या प्लेगनंतर बीआयटी चाळी आल्या, 1920 नंतर बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 इमारती. खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब कित्येक वर्षे राहिले. चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तेव्हाही त्यांचे बिऱ्हाड तिथेच होते. वरळीच्या बीडीडी चाळींनी 1974 ची दंगल झेलली. त्याच जानेवारीत पँथर भागवत जाधव शहीद झाले.

ज्या ब्लॅक पँथरवरून 1972 मध्ये आपली दलित पँथर उभी राहिली, तिचा जन्म 1966 मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडचा. तेही बंदराचेच शहर. तिथल्या वेस्ट ओकलंडमध्ये रेल्वेत आणि जहाजबांधणीत राबणारी कृष्णवर्णीय कुटुंबे राहत. महामार्गासाठी आणि टपाल केंद्रासाठी त्यांची शेकडो घरे पाडली गेली. जी जुनी लाकडी घरे उरली, त्यांच्या किमती पुढे इतक्या चढल्या की त्या कुटुंबांच्याच वारसांना तिथे राहणे परवडेना. घरे टिकली, माणसे गेली. यालाही वारसा जपणे म्हणायचे?

म्हणून चाळीच्या आठवणींचे गोडवे गाणाऱ्यांना आम्ही सांगतो, 160 फुटांत आणखी एक पिढी कोंडून वारसा जपला जात नाही. 500 फुटांचे घर हा उपकार नाही, हक्क आहे. 2025 मध्ये वरळीत पहिल्या कुटुंबांना चाव्या मिळाल्या. शिवडीच्या चाळी मात्र बंदर प्राधिकरणाच्या, म्हणजे केंद्राच्या जमिनीवर म्हणून त्या योजनेबाहेर राहिल्या. जमीन केंद्राची की राज्याची, या वादाची किंमत रहिवाशांनी का मोजायची?

आणि पुनर्विकासवाल्यांनाही सांगतो, टॉवर बांधा, पण चळवळीची पाटी पुसू नका. प्रत्येक वसाहतीतली एक चाळ संग्रहालय म्हणून राखा आणि तिचा कारभार रहिवाशांच्या हाती द्या.

तरुण मित्रांनो, सरकारची वाट पाहू नका. आपल्या चाळीतल्या आजी-आजोबांकडे बसा, नावे, तारखा, मोर्चे लिहून घ्या. भिंती पाडायला एक दिवस पुरतो. इतिहास लिहिलेला नसेल, तर तोही त्याच ढिगाऱ्यात जातो.

जय भीम!