मागणीपत्र : मुलांच्या तापाच्या औषधांची सुरक्षित विक्री व संध्याकाळची ओपीडी

प्रति,
मा. आयुक्त, वसई-विरार शहर महानगरपालिका
मा. सहआयुक्त (औषधे), अन्न व औषध प्रशासन, कोकण विभाग

महोदय,

विरार, नालासोपारा, वसई व नायगाव येथील नोकरदार पालकांच्या वतीने हे मागणीपत्र देत आहोत. आमच्यापैकी बहुतेक जण सकाळच्या लोकलने मुंबईला जातात आणि रात्री परततात. मुलाला ताप भरल्याचे कळते तेव्हा दिवसाची ओपीडी संपलेली असते, मेडिकल मात्र उघडे असते. ताप डोक्यात जाईल ही धास्ती असतेच. तेव्हा चिठ्ठीशिवाय औषध का घेता, असा उपदेश नको. ते घेतले जाणारच, हे धरून व्यवस्था करावी.

पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते : दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरते. बाजारात मात्र ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचे सिरप आहे, २५० चे आहे, आणि थेंबांच्या बाटलीत एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतात. म्हणजे ५ मिलीचे तेच माप बाटलीगणिक १२०, २५० किंवा ५०० मिलिग्रॅम देते. जास्त मात्रा यकृताला घातक ठरते. म्हणून फार्मासिस्टने मुलाचे वजन विचारावे, मात्रा मिलीमध्ये आणि अंतर तासांत मराठी किंवा हिंदीत बाटलीवर लिहावे, मोजमापाचे झाकण वा सिरिंज द्यावी आणि बॅच क्रमांकासह बिल द्यावे. तसे आदेश ३० दिवसांत सर्व दुकानांना जावेत. औषधविक्रेत्यांशी आमचे भांडण नाही. वजन विचारायला अर्धे मिनिट लागते.

याहून सोपा उपाय महापालिकेच्या हातात आहे. लसीकरणाला बाळाचे वजन होतेच. त्याच वेळी माता व बाल संरक्षण कार्डावर पॅरासिटामॉलची त्या वजनाची मात्रा लिहावी आणि पुढच्या लसीला ती बदलावी. सोबत एक सूचना ठळक असावी : तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट ताप आला, तर औषधाच्या भरवशावर न राहता थेट डॉक्टरांकडे न्यावे. याला वेगळा निधी लागत नाही, शिक्का लागतो.

धोका पॅरासिटामॉलपुरता नाही. तापावरचेच निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यास २०११ पासून बंदी आहे. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन एकत्र असलेले सर्दीचे औषध चार वर्षांखाली देऊ नये, ही सूचना लेबलवर असते, पण बारीक इंग्रजीत. यातल्या काही सिरपांत पॅरासिटामॉलही असते आणि मुलाला नकळत दुप्पट मात्रा जाते. पावसाळ्यात डेंग्यूचा संशय असताना आयबुप्रोफेन धोक्याचे, कारण रक्तस्रावाची शक्यता वाढते. हे चारही मुद्दे मराठीत ठळक छापून प्रत्येक काउंटरवर लावावेत. दर तिमाहीला नमुना ग्राहक पाठवून तपासणी करावी आणि निष्कर्ष जाहीर करावेत.

औषधच सदोष असले तर मात्रा मोजूनही उपयोग नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के आढळले. त्या सिरपमुळे मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात २० हून अधिक मुले दगावली; त्यांतील काहींवर नागपुरात उपचार झाले होते. तिथे औषध डॉक्टरांनी लिहून दिले होते, हे पालकांना दोष देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. त्याच विषाने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचे प्राण घेतले आणि न्या. लेंटिन आयोग नेमावा लागला. सदोष बॅचची सूचना २४ तासांत प्रत्येक दुकानाच्या दर्शनी भागात लागावी, विकलेली बाटली बिल न मागता परत घ्यावी आणि प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००२२२३६५ तिथेच लिहावा.

मूळ अडचण वेळेची आहे. प्रत्येक प्रभाग समितीत किमान एका दवाखान्यात जून ते ऑक्टोबर संध्याकाळी ६ ते १० बालरोग ओपीडी असावी. डेंग्यू व मलेरियाची तपासणी तिथेच व्हावी. बालरोगतज्ज्ञ कायम नेमता येत नसतील, तर परिसरातील खासगी डॉक्टरांना मानधनावर बोलवावे. पहिल्या वर्षी नालासोपारा व विरार या दोन ठिकाणी सुरुवात झाली तरी आम्हाला मान्य आहे. त्याहून कमी मान्य नाही.

या मागण्यांचे लेखी उत्तर ३० दिवसांत द्यावे. प्रत्येक मागणीपुढे अंमलबजावणीची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद नमूद असावे.