संगणकाचे मेज किती उंच असावे?

घरी संगणक बसवावयाचा आहे, कोणता घ्यावा, अशी पृच्छा करणारी कुटुंबे आम्हांला अलीकडे वारंवार भेटतात. प्रोसेसर कोणत्या पिढीचा, मेमरी किती, पडदा किती इंची, हे सारे प्रश्न तरुण मुले तोंडपाठ विचारतात आणि वडील मंडळी किमतीचा अंदाज घेत ऐकत राहतात. परंतु ते यंत्र कशावर ठेवावयाचे आणि त्याच्यापुढे कोण, कशावर, किती तास बसणार, हा प्रश्न कोणी आपण होऊन काढलेला आम्हांला आठवत नाही. आज आम्ही त्याच प्रश्नाविषयी लिहिणार आहोत. कारण आमच्या मते यंत्राची निवड चुकली तर काही हजार रुपये जातात, बैठक चुकली तर मान, कंबर आणि मनगट जाते.

सन २०२० मध्ये महामारीमुळे कचेऱ्या बंद झाल्या आणि कचेरीचे काम घरात आले. पुढे कचेऱ्या उघडल्या, तरी ते काम पुष्कळ घरांतून पूर्णपणे परत गेले नाही. गोव्यातील किंवा बेळगावकडील खेड्यात, वडिलार्जित घरात राहून, पुण्याच्या वा बेंगळुरूच्या कंपनीची नोकरी करणारी मुलेमुली आज आहेत. ही मंडळी दिवसाचे आठ-नऊ तास पडद्यापुढे असतात. आणि त्यांची बैठक कोठे? कोणी जेवणाच्या मेजावर, कोणी शिवणयंत्राच्या फळीवर, तर कोणी चक्क पलंगावर मांडी घालून. त्यातही एक गोष्ट आम्हांला स्पष्ट सांगावीशी वाटते. घरात मुलगा नोकरीस लागला की त्याच्यासाठी खोली मोकळी होते, मेज येते, खुर्ची येते. मुलगी त्याच तोडीचे काम करीत असली तरी लॅपटॉप घेऊन बिछान्याच्या कडेला बसते, आणि मधून मधून तिला स्वयंपाकघरातून हाकही मारली जाते. तिचा पगार घरखर्चात धरला जातो. तिची पाठ मात्र कोणी धरीत नाही. जी व्यक्ती सर्वांत अधिक तास बसते, तिच्या अंगाच्या मापाने घरातील पहिले मेज झाले पाहिजे.

बसून काम करणाऱ्यांस काय पीडा होते, हे ज्ञान नवीन नव्हे. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामकऱ्यांच्या रोगांवर लिहिलेला विख्यात ग्रंथ १७०० साली निघाला. त्याच्या १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत लेखनिक व कारकून यांच्याविषयी त्यांनी स्वतंत्र विवेचन केले आणि त्यांच्या दुखण्याची तीन कारणे सांगितली: सततचे बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि मनावरील ताण. एक लेखनिक लिहून लिहून उजव्या हातास मुकला, म्हणून डाव्या हाताने लिहावयास शिकला, आणि थोड्याच काळात डाव्या हातासही तेच दुखणे जडले, अशी हकिकत त्यांनी नमूद केली आहे. टाकाच्या जागी कळफलक आला, एवढाच फरक.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आपल्याकडे मेस्त्रींना टेबल सांगितले की ते न विचारता ३० इंच उंचीचे करून देतात. ही उंची आपल्याकडे पाश्चात्त्य घरांच्या व कचेऱ्यांच्या वळणाने रूढ झाली. उंच बांध्याचा मनुष्य, पायांत बूट आणि हाताने लिहिणे किंवा काट्याचमच्याने जेवणे, यांना ती बरी. अनवाणी पायांनी घरात बसणाऱ्या आणि दिवसभर बोटांनी कळा दाबणाऱ्या पाच फुटी बाईस ती मुळीच बरी नव्हे. जुन्या कचेऱ्यांतील टंकलेखकाचे मेज इतर मेजांहून तीन-चार इंच खाली असे, हे आमच्या वयोवृद्ध वाचकांना स्मरत असेल. ते खाली का असे, हे मात्र आपण विसरलो.

माप घेणे अगदी सोपे आहे. ज्याच्यासाठी मेज करावयाचे, त्याला अशा आसनावर बसवावे की पावले सपाट जमिनीवर टेकतील आणि मांड्या आडव्या राहतील. स्टूल ठेंगणे असेल तर त्यावर वह्या-पुस्तके घालावी. खांदे सैल सोडून, दंड अंगालगत ठेवून कोपरे काटकोनात वाकवावी आणि जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत टेप धरावी. तेवढ्या उंचीवर हात राहिले पाहिजेत. कळफलकाची जाडी वजा करता मेजाची पाठ त्याहून अर्धा ते एक इंच खाली यावी. पाच फूट उंचीच्या व्यक्तीचे हे कोपराचे माप साधारण २३ ते २४ इंच निघते; पाच फूट आठ इंच उंचीच्या पुरुषाचे सुमारे २६ ते २७. म्हणजे उंच पुरुषालादेखील ३० इंची मेज तीन-चार इंच अधिकच होते, मग त्याच्या बहिणीची गोष्टच सोडा. मेज उंच असले की हात वर उचलून धरावे लागतात, हातांबरोबर खांदे उचलले जातात, आणि सायंकाळी मानेच्या मुळाशी जी कळ येते ती बाम चोळून जात नाही. ती वाऱ्याने आलेली नसते. चार इंच अधिक लाकडाने आलेली असते.

घरातील दोघे एकच मेज वापरणार असतील तर ते उंच व्यक्तीच्या मापाने करावे. बुटक्या व्यक्तीस आसन उंच करून घेता येते. मात्र आसन उंच केले की पाय लोंबतात आणि खुर्चीची कड मांडीखाली रुतते. यावर आपल्या घरात पूर्वापार असलेली वस्तू म्हणजे पाट. तीन-चार इंच उंचीचा जेवणाचा पाट पायांखाली घेतला की काम झाले. आजोबांच्या काळचे सागवानी किंवा फणसाचे मेज ज्यांच्या घरी आहे, त्यांनीही हाच मार्ग धरावा. त्याचे पाय कापा, असे सांगण्याचे धैर्य आम्हांला नाही आणि त्याची आवश्यकताही नाही.

नवे मेज करावयाचे असेल तर मेस्त्रींना आणखी दोन गोष्टी निक्षून सांगाव्या. एक, खोली, म्हणजे पुढून मागपर्यंतची रुंदी, किमान २४ इंच आणि जमल्यास ३० इंच असावी. पडदा हातभर दूर राहावयास हवा. अठरा इंची फळीवर तो नाकाशी येतो. दुसरी गोष्ट, बसण्याच्या जागी फळीखाली खण करू नये. मेस्त्रींना खणाची फार हौस असते आणि गृहिणींनाही तो हवा असतो. पण मेज खाली आणल्यावर चार इंची खणाने मांड्या अडकतात, पाय पुढे पसरतात आणि पाठ घसरते. खण हवाच असेल तर एका बाजूस करावा. जिने ओल धरणाऱ्या कोकण-गोव्याच्या हवेत प्लाय घेताना साधी व्यापारी जात न घेता उकळत्या पाण्यास टिकणारी जात मागून घ्यावी. पाव इंच जाडी वाचविण्यातही अर्थ नाही, फळी मधोमध वाकते.

खुर्चीच्या बाबतीत दुकानदाराच्या वर्णनावर न जाता बसून पाहावे. उंची खालीवर करता आली पाहिजे. पाठ टेकवून बसल्यावर आसनाची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांची फट राहिली पाहिजे; आसन अधिक खोल असले तर मनुष्य पुढे सरकून बसतो आणि पाठीस टेका मिळतच नाही. कमरेच्या खळग्यास आधार हवा. शर्यतीच्या मोटारीतील आसनासारख्या, दोन्ही बाजूंस पंख काढलेल्या ज्या महागड्या खुर्च्या तरुणांना मोहवितात, त्यांत रुबाब पुष्कळ आणि बुटक्या माणसाची सोय थोडी, असे आमचे मत आहे. ज्यांना तूर्त नवी खुर्ची परवडत नाही त्यांनी सरळ पाठीची लाकडी खुर्ची घ्यावी, बसण्यास घट्ट उशी आणि कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल ठेवावा. प्लॅस्टिकच्या हाताच्या खुर्चीचे हात मेजास अडतात आणि बसणारा मेजापासून दूर राहतो, म्हणून ती टाळावी. आणि सर्वोत्तम खुर्चीतूनही अर्ध्या तासाने उठावयाचेच असते.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. ज्यांच्या चष्म्यात वाचण्याची काच खालच्या भागात आहे, त्यांनी पडदा आणखी खाली घ्यावा. नाहीतर हनुवटी वर करून पाहण्याची सवय लागते आणि मान आखडते. खिडकी पडद्याच्या मागे नको, पुढे नको, बाजूस असावी. लॅपटॉपची गोष्ट निराळी आहे. त्यात पडदा आणि कळफलक एकत्र जोडलेले असल्यामुळे हात योग्य उंचीवर आले तर मान वाकते आणि मान सरळ राहिली तर हात उचलावे लागतात. म्हणून दिवसभराच्या कामास लॅपटॉप जाड ग्रंथांच्या थरावर ठेवून निराळा कळफलक व माउस जोडावा. एवढा किरकोळ खर्च करण्यासही घरे का कचरतात, हे आम्हांला उमगत नाही.

यंत्राविषयी थोडक्यात. कचेरीचे काम, अभ्यास, पत्रव्यवहार आणि चित्रफितीवरील बैठका यांसाठी मध्यम प्रतीचा प्रोसेसर, १६ जीबी मेमरी आणि ५१२ जीबीची एसएसडी पुरेशी होते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड चित्रपट-संकलन, त्रिमितीय आरेखन किंवा खेळ यांसाठी लागते. ज्याला त्यांपैकी काही करावयाचे नाही, त्याने ते पैसे खुर्ची, चांगला पडदा आणि चांगला पॉवर सप्लाय यांवर घालावे. सुटे भाग जोडून केलेल्या संगणकाचा लाभ असा की एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. कचेऱ्यांतून काढलेली जुनी यंत्रे स्वस्त मिळतात खरी. पण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ स्वीकारीत नाहीत. अशा यंत्रावर विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली घालावयाची तयारी असेल, तरच ते घ्यावे.

विजेविषयी मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. संगणकाच्या लोखंडी पेटीस हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर तो उजळतो, हा अनुभव आपल्याकडील अनेक घरांत आहे आणि लोक तो हसण्यावारी नेतात. त्याचे कारण असे. पॉवर सप्लायच्या आत विजेतील गोंगाट गाळण्यासाठी बसविलेले छोटे धारित्र थोडासा प्रवाह पेटीकडे सोडतात. तो अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी योजना असते. घरात अर्थिंग नसेल किंवा तार तुटलेली असेल तर पेटीवर २३० व्होल्टच्या सुमारे निम्मा दाब उभा राहतो. प्रवाह अत्यल्प असल्यामुळे केवळ मुंग्या येतात. परंतु पुढे कधी आतील तार खरोखरच पेटीस टेकली तर तो प्रवाह अत्यल्प राहणार नाही, आणि पावसाळ्यात ओलसर फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या लेकराचा हात त्या पेटीवर असू शकतो. म्हणून झिणझिण्या आल्या की परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांच्या प्लगाची वरची जाड पिन कापून तो दोन पिनांच्या जागी खुपसणाऱ्यास घरात थारा देऊ नये. वीज वारंवार जाते तेथे लहान यूपीएस ठेवावा. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस सामान्यतः ३६० वॅटच देतो आणि दहा-पंधरा मिनिटे तग धरतो. काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरताच त्याचा उपयोग.

हवामान सर्वत्र सारखे नाही. ग्वाल्हेर-इंदूरकडे उन्हाळ्यात खोलीच तापलेली असते, आणि यंत्राचा पंखा यंत्राला खोलीहून थंड करू शकत नाही. तेथे पेटी मेजाच्या बंद कप्प्यात कोंडू नये, मागे वीतभर जागा मोकळी सोडावी. समुद्रकाठी खारी ओल धातूस खाते. तेथे पावसाळ्यात यंत्र रोज तासभर तरी चालू ठेवावे म्हणजे आतील उष्णतेने ते कोरडे राहते. पेटी कोठेही थेट जमिनीवर ठेवू नये. केराची धूळ आणि फरशी पुसण्याचे पाणी दोन्ही तिच्यात जातात. आमच्या भगिनी संगणकावर सुंदर विणलेले आच्छादन घालतात. ते अवश्य घालावे, पण यंत्र बंद करून निवल्यावर.

प्लायचा पत्रा आठ फूट बाय चार फूट येतो. चार फूट लांब व अडीच फूट खोल फळी कापून, बाजूचे आधार काढल्यावरही पुरेसा तुकडा उरतो. त्यातून पडदा उचलण्यासाठी चौरंग, पेटी जमिनीपासून चार इंच वर धरण्यासाठी घडवंची आणि ज्या घरात पाट उरलेले नाहीत तेथे पायांखाली एक पाट, एवढे मेस्त्रींकडून त्याच दिवशी करून घ्यावे. दुसऱ्यांदा बोलावले तर ते येतीलच असे नाही.