विश्लेषण : फी माफ झाली, पण ताटाचं आणि कॉटचं काय? कोल्हापुरात शिकणाऱ्यांचं खरं गणित

जून-जुलैत कोल्हापूरच्या राजारामपुरी, सागरमाळ, राजेंद्रनगर भागात फिरलात तर विजेच्या खांबांवर एकसारख्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसतात. 'कॉट बेसिसवर मुलांसाठी', 'फक्त नोकरदार व विद्यार्थिनी', 'घरगुती मेस, रविवारी संध्याकाळी बंद'. शिवाजी विद्यापीठात आणि शहरातल्या कॉलेजांत प्रवेश घेतलेल्यांचं खरं शैक्षणिक वर्ष या चिठ्ठ्यांपासून सुरू होतं. वर्गात काय शिकवलं जाईल हे नंतर कळतं. महिन्याला किती लागणार, हे पहिल्या दिवशीच कळतं.

उच्च शिक्षणाच्या खर्चावर बोलताना आपण फीवर बोलतो. सरकारही फीवरच बोलतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. निर्णय चांगलाच आहे. पण गावाकडून शहरात आलेल्या मुलीला कॉलेजच्या काउंटरवर जेवढं अडत नाही, तेवढं घरमालकाच्या दारात अडतं.

वसतिगृहांच्या गावातच हा प्रश्न का?

उदाहरणासाठी कोल्हापूर निवडलं त्याला कारण आहे. खेड्यातल्या मुलाला शाळा उघडून दिली तरी तो शहरात राहणार कुठे आणि जेवणार काय, हा प्रश्न राजर्षी शाहू महाराजांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखला होता. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम, लिंगायत बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. दसरा चौकात उभं राहिलं तर यातल्या काही संस्था आजही डोळ्यांसमोर असतात. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच.

क्रम बघण्यासारखा आहे. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय १९१७ चा. बोर्डिंग त्याच्या सोळा वर्षं आधीची. आधी कॉट आणि ताट, मग बाकीचं.

कर्मवीर भाऊराव पाटील याच कोल्हापुरात विद्यार्थी म्हणून बोर्डिंगमध्ये राहिले. मिस क्लार्क होस्टेलच्या कार्यक्रमाला गेल्यानंतर आंघोळ करायला नकार दिला म्हणून त्यांना जैन बोर्डिंग सोडावं लागलं, ही हकिगत त्यांच्या चरित्रांत येते. पुढे त्यांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह काढलं आणि 'कमवा व शिका' ही कल्पना रुजवली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठातही ही योजना आहे : रोज काही तास विद्यापीठात काम आणि राहण्या-जेवणाची सोय. योजना मोलाची, पण जागा मोजक्या. विद्यापीठाची स्वतःची वसतिगृहंही मुख्यतः परिसरातल्या विभागांत शिकणाऱ्यांना पुरतात. शहरातल्या संलग्न कॉलेजांत शिकणारा मोठा वर्ग खोली करूनच राहतो.

आता यातला विरोधाभास पाहा. ज्या योजनेला राज्य सरकारने शाहू महाराजांचं नाव दिलं आहे, ती 'राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना' आहे. म्हणजे फीची. ज्यांनी ताटापासून सुरुवात केली, त्यांचं नाव आपण पावतीला दिलं.

४२ रुपयांचं ताट

राहण्या-जेवणासाठी योजना नाहीत असं नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजने'तून थेट बँक खात्यात पैसे मिळतात. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार, इतर महसूल विभागीय शहरांसाठी ५१ हजार आणि त्याखालच्या जिल्ह्याच्या ठिकाणांसाठी ४३ हजार रुपये अशी मूळ रचना आहे.

हे ४३ हजार फोडून बघू. भोजनासाठी २५ हजार, निवासासाठी १२ हजार, बाकी निर्वाहासाठी ६ हजार. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचं धरलं तर जेवणाला महिन्याला २,५०० रुपये, म्हणजे दोन वेळचं धरून एका ताटाला जेमतेम ४२ रुपये. खोलीला महिन्याला १,२००. तुमच्या गल्लीतल्या मेसचा आजचा दर तुम्हाला माहीत असेल, तुम्हीच पडताळून पाहा.

पुण्यासाठी भोजनाचा आकडा ३२ हजार आहे. फरकामागचा तर्क असा, की छोटं शहर स्वस्त. खोलीच्या बाबतीत तो बऱ्यापैकी खरा आहे. पण तूरडाळ, तेल, गॅस सिलिंडर कोल्हापुरात आल्यावर स्वस्त होत नाहीत. लॅपटॉप, मोबाइलचा रिचार्ज, स्पर्धा परीक्षेचा फॉर्म यांना तर शहराचा आकार कळतच नाही. उलट एक खर्च छोट्या शहरातच वाढतो : मुलाखत, मोठ्या कंपनीची चाचणी, चांगली इंटर्नशिप यासाठी पुणे गाठावं लागतं. ते सव्वादोनशे किलोमीटरवर आहे.

एक खोली, चार कॉट, चार योजना

एका खोलीत चार मुलं राहतात असं समजा. अनुसूचित जातीतल्या मुलासाठी स्वाधार, ती सामाजिक न्याय विभागाकडे. आदिवासी मुलासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, ती आदिवासी विकास विभागाकडे. धनगर, ओबीसी किंवा भटक्या-विमुक्तांतल्या मुलासाठीच्या आधारसारख्या योजना इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, तो उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा आणि मुख्यतः व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. घरमालक एक, भाडं एक, मेस एक. कागदपत्रं, उत्पन्नाच्या अटी, पोर्टल आणि पैसे येण्याची तारीख मात्र प्रत्येकाची वेगळी.

आणि पाचवा मुलगा असतो. कुटुंबाकडे थोडी जमीन, एमए इतिहासाला प्रवेश, कुठल्याच चौकटीत न बसणारा. किंवा त्याच तालुक्यातला, म्हणून 'स्थानिक' ठरलेला. तो सकाळी भाजीच्या दुकानात किंवा रात्री डिलिव्हरीवर असतो.

शाहू महाराजांच्या काळातही बोर्डिंग समाजागणिक वेगळी होती, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण तिथे मुलगा आला त्या रात्री त्याला जेवायला मिळत होतं.

पैसे नेमके थांबतात कुठे?

थोडं यंत्रणेबद्दल. विद्यार्थ्याने अर्ज भरला की तो आधी कॉलेजच्या लॉगिनमध्ये जातो. तिथला कर्मचारी कागद तपासतो, चूक असेल तर परत पाठवतो. मग जिल्हा किंवा विभागीय कार्यालय, मग देयक, मग कोषागार, मग बँक. बँकेच्या टप्प्यावर एक गंमत आहे, जी विद्यार्थ्यांना हमखास नडते. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. आधारशी शेवटचं जे खातं जोडलं गेलं, त्यात ते जातात. दहावीत असताना गावाकडे उघडलेलं आणि आता बंद पडलेलं खातं आधारशी जोडलेलं असेल, तर पैसे अडकतात. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' दोन मिनिटांत बघता येतं. अर्ज भरण्याआधी बघा, मंजूर झाल्यावर नाही.

बाकी टप्पे मात्र विद्यार्थ्याच्या हातात नसतात. मी इंजिनीअरिंग केलं ते शहर कोल्हापूर नव्हे, पण आकाराने तेवढंच. आम्ही तिघं दहा बाय बाराच्या खोलीत राहायचो. दुसऱ्या वर्षाच्या निर्वाह भत्त्याचा मेसेज मला तिसऱ्या वर्षी दिवाळीत आला. मधले महिने मेसच्या काकूंच्या वहीत लिहिले गेले. त्या कधी बोलल्या नाहीत, पण वही टेबलावर उघडी असायची आणि मी चौथी पोळी मागायचं बंद केलं. माझा अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्ये सात आठवडे पडून होता, हे मला नंतर स्टेटस बघताना कळलं. तिथे एकच क्लार्क होता आणि त्याच्याकडे परीक्षेचे फॉर्मही होते. त्याच्यावर राग काढून उपयोग नव्हता.

रक्कम आली तेव्हा मोठी वाटली. एकदम आलेले पैसे उसनवारी फेडण्यात एकदम गेलेही. वर्षाचे ४३ हजार वेळेवर मिळणं आणि वर्ष संपल्यावर मिळणं या दोन वेगळ्या योजना आहेत. पहिली शिक्षणाची, दुसरी कर्जफेडीची.

शेवटची एसटी

खोली परवडत नाही तेव्हा उरतं अप-डाऊन. कागल, पन्हाळा, हातकणंगले, शिरोळच्या गावांतून रोज येणारी मुलं कोल्हापूरच्या कॉलेजांत खूप आहेत. विद्यार्थ्यांच्या मासिक पासवर एसटी ६६ टक्क्यांहून जास्त सवलत देते, त्यामुळे पैशांचा हिशेब जमतो. वेळेचा जमत नाही. गावाकडची शेवटची गाडी सातची असेल, तर विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय कितीही वाजेपर्यंत उघडं असो, त्या मुलीसाठी ते सहाला बंद झालेलं असतं. प्रयोगशाळेतलं प्रात्यक्षिक लांबलं की तिची नजर घड्याळावर. सुटल्यावर होणाऱ्या गप्पा, सिनिअरकडून मिळणाऱ्या नोट्स, नाटकाची तालीम, या सगळ्यातून ती आपोआप वजा होते. कॉलेजच्या कुठल्याच अहवालात हे येत नाही, कारण हजेरीपटावर ती 'उपस्थित' असते.

पावसाळ्यात यात पंचगंगेची भर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. एवढा पूर दरवर्षी येत नाही, पण बंधारे पाण्याखाली जाऊन एसटीचे मार्ग बदलणं, फेऱ्या रद्द होणं हे बहुतेक पावसाळ्यांत होतं.

मग छोट्या शहरात शिकायचंच कशाला?

कारण फायदेही खरे आहेत. ८५३ एकरांचा परिसर, मोर फिरतात अशी झाडी, विभागात शिक्षकांना थेट भेटता येतं, दिवसाचे दोन-तीन तास ट्रॅफिकमध्ये जात नाहीत. आई-वडील आजारी पडले तर तासा-दीड तासात घरी पोहोचता येतं. मुलीला पुण्याला न पाठवणारं घर कोल्हापूरला पाठवतं, ही गोष्ट आपल्याला आवडो न आवडो, अनेक पदव्यांच्या मुळाशी आहे. एसटीच्या कंडक्टरकडे दिलेला घरचा डबा स्टँडवर जाऊन घेणं हा प्रकार अजून संपलेला नाही, आणि त्या डब्यावर महिन्याची मेस वाचवणारेही आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर पहिल्या वर्षात 'ऑन जॉब ट्रेनिंग' आणलं. चार क्रेडिट, म्हणजे साधारण १२० तासांचं प्रत्यक्ष काम. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागलच्या औद्योगिक वसाहतींमुळे रसायनशास्त्र किंवा वाणिज्यवाल्यांची सोय होऊ शकते. मराठी किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने कुठे जायचं, हा प्रश्न छोट्या शहरात जास्त टोकदार आहे. आणि जिथे जाईल तिथे जाण्या-येण्याचा खर्च पुन्हा त्याचाच.

करता येण्यासारखं काय?

सरकारची अडचण समजण्यासारखी आहे. प्रवेश घेऊन पैसे उचलायचे आणि कॉलेज सोडायचं, असं झालं तर जबाबदारी कुणाची? म्हणून ७५ टक्के हजेरीची अट, म्हणून तपासणीचे टप्पे. पण हजेरी तपासायची असेल तर ती पहिल्या तीन महिन्यांनंतर तपासा. बोनाफाईड मिळाल्यावर पहिल्या तिमाहीचे पैसे द्या आणि पुढचे हप्ते हजेरीवर सोडा. डिपॉझिट, पहिलं भाडं, मेसची आगाऊ रक्कम हे तीन मोठे खर्च पहिल्या महिन्यातच असतात. दरमहा थेट खात्यात पैसे टाकणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, असं आता कुणी म्हणू शकत नाही. ऑगस्ट २०२४ पासून 'लाडकी बहीण'चे १,५०० रुपये याच पद्धतीने राज्यभर जात आहेत.

चार विभागांच्या योजना एका छताखाली आणणं राजकीयदृष्ट्या अवघड असेल. निदान तारीख एक ठेवता येईल, आणि अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्ये ठरावीक दिवसांपेक्षा जास्त पडून राहिला तर तो आपोआप पुढे सरकेल एवढी सोय पोर्टलमध्ये करता येईल. हे काही अवघड कोडिंग नाही, इंजिनीअर म्हणून एवढं नक्की सांगतो. आणि एसटीच्या आगार व्यवस्थापकांनी जूनमध्ये वेळापत्रक ठरवताना कॉलेजांच्या प्रात्यक्षिकांच्या वेळा मागवून घेतल्या, तर त्याला शासन निर्णयसुद्धा लागत नाही.

तोवर, यंदा खोली शोधत असाल तर डिपॉझिटची पावती घ्या, मेस दहा महिन्यांची ठरवा, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीचे पैसे लागणार की नाही हे आधीच बोलून घ्या. रविवारी संध्याकाळच्या जेवणाची सोय तुमची तुम्हालाच बघावी लागेल.