तरुणांसाठी श्रद्धा पातळ करायची कशाला?

नाताळच्या रात्री लखनौच्या हजरतगंजमध्ये सेंट जोसेफ कॅथेड्रलसमोर पाय ठेवायला जागा नसते. गर्दीत तरुण मुलामुलींचाच भरणा अधिक, आणि त्यांतले बहुतेक ख्रिस्ती नसतात. ते असणार तरी कसे? २०११च्या जनगणनेत उत्तर प्रदेशातले ख्रिस्ती साडेतीन लाखांच्या आसपास होते, म्हणजे दहा हजारांमागे अठरा. बाहेरचा तरुण असा कुतूहलाने दारापर्यंत येतो. मंडळीत वाढलेला, बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेला तरुण मात्र विशीत पोचला की रविवारच्या उपासनेतून हळूहळू दिसेनासा होतो. लखनौपासून नगर-वसईपर्यंत पाळक आणि पालक दोघांचीही ही तक्रार आहे.

तिच्यावर दोन उपाय हमखास सुचवले जातात. मला दोन्ही अमान्य आहेत.

पहिला पक्ष म्हणतो, श्रद्धा जरा सैल करा. या पक्षाचं म्हणणं उथळ नाही, म्हणून ते नीट मांडतो. आजचा मुलगा विज्ञान शिकतो, त्याचे जवळचे मित्र हिंदू आणि मुसलमान असतात. पुनरुत्थान, त्रैक्य, पाप, तारण ही भाषा त्याला परकी वाटते, आणि ख्रिस्तच तारक असं मित्रांसमोर म्हणायला तो बिचकतो. त्यात २०२१चा धर्मांतरविरोधी कायदा आणि २०२४ मध्ये वाढवलेल्या शिक्षा यांमुळे श्रद्धेबद्दल चारचौघांत बोलणंच जोखमीचं वाटू लागलंय. मग प्रेम, सेवा, माणुसकी एवढंच बोलावं, बाकीचं ज्याच्या त्याच्यावर सोडावं.

ही अडचण खरी आहे, उपाय मात्र घातक आहे. प्रेम, सेवा आणि माणुसकी लखनौत चर्चबाहेरही भरपूर मिळते. गुरुद्वाऱ्यात लंगर आहे, मोहल्ल्यामोहल्ल्यांत सेवाभावी संस्था आहेत, आणि अदब तर या शहराची ओळखच आहे. रविवारी सकाळी लवकर उठून तरुणाने तेवढ्याचसाठी आपल्याकडे का यावं? ख्रिस्त उठला नसेल तर आपला उपदेश व्यर्थ आणि विश्वासही व्यर्थ, असं पौलाने करिंथच्या मंडळीला स्पष्ट कळवलं होतं. ज्याच्यावर सगळं उभं आहे तेच काढून घेतल्यावर उरतं ते एक सभ्य मंडळ. सभ्य मंडळासाठी कोणी आयुष्य वाहत नाही.

शिवाय ही सवलत मागितली कोणी? तरुणांनी नव्हे. ती वडीलधाऱ्यांनी तरुणांच्या नावाने मागितली आहे. आपली मुलं कठीण गोष्ट पेलू शकणार नाहीत, असा त्यांचा समज आहे. पण हीच मुलं वर्षानुवर्षं स्पर्धा परीक्षांची तयारी करतात, पहाटे उठून पळायला जातात, घर सोडून परमुलखात एकटी राहतात. कठीण गोष्टींची त्यांना भीती नाही. जिच्यासाठी त्रास घ्यावा अशी गोष्ट समोर नसेल, तिथे मात्र ती थांबत नाहीत.

दुसरा पक्ष म्हणतो, काहीही हलवू नका. गीतं तीच, चाली त्याच, उपासनेचा क्रम तोच, बोलणारे तेच. यांचाही मुद्दा ऐकण्यासारखा आहे: रूपं नुसती रूपं नसतात, त्यांतून श्रद्धा पोसली जाते, आज गीत बदललं की उद्या सिद्धांत बदलेल. या भीतीत तथ्य आहे. चार ओळी चाळीस वेळा म्हणायला लावणारं आणि क्रुसाचा उल्लेखही न करणारं गाणं मलाही उपासनेत नको आहे.

पण या पक्षाने इतिहास वाचलेला नाही. इ. स. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मसभेने ख्रिस्ताच्या देवत्वाची ग्वाही दिली ती ग्रीक तत्त्वज्ञानातली, शास्त्रात न आढळणारी परिभाषा वापरून. जुनी श्रद्धा राखण्यासाठीच त्यांना नवी भाषा घ्यावी लागली. कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषांत होऊ लागली, आणि आज वसईत तिच्यातलं मराठी कोणाला उपरं वाटत नाही. आमच्या नारायण वामन टिळकांचं उदाहरण तर घरचंच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताला अभंगात, भजनात, कीर्तनात आणलं. आज मराठी मंडळ्यांत ज्येष्ठ लोक ‘आपली जुनी गीतं’ म्हणून ज्यांची राखण करतात, त्यांतली कितीतरी टिळकांची आहेत. ती एकदा नवीकोरी होती, टाळमृदंगासह देवळात शिरली होती. (टिळकांचा शेवटचा प्रयोग, १९१७चा ‘देवाचा दरबार’, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सगळ्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणू पाहत होता. तिथे मी त्यांच्याबरोबर जाणार नाही; बाप्तिस्मा हे माझ्या लेखी निव्वळ रूप नाही. पण दोनच वर्षांत टिळक गेले, आणि अपुऱ्या राहिलेल्या त्या प्रयोगावरून त्यांचे अभंग तोलू नयेत.)

लखनौकरांना आणखी जवळचा दाखला आहे. १९२६ मध्ये मुंबईच्या विष्णु नारायण भातखंडे यांनी राय उमानाथ बली यांच्या साथीने इथे मॅरिस म्युझिक कॉलेज उभं केलं. घराण्यांत जपलेली विद्या त्यांनी स्वरलिपीत उतरवून वर्गातल्या विद्यार्थ्यासमोर ठेवली. वहीत लिहिला म्हणून यमन बिघडला नाही.

दोन्ही पक्षांची चूक मुळात एकच आहे. श्रद्धेचा गाभा आणि तिचा पेहराव दोघांनाही वेगळे करता येत नाहीत. म्हणून एकजण पेहरावाबरोबर गाभाही टाकायला निघतो आणि दुसरा गाभ्याबरोबर पेहरावही कवटाळून बसतो. अमेरिकेचा अनुभव दोघांनी पाहावा. तिथली उदारमतवादी चर्चेस १९६०च्या दशकाच्या मध्यापासून ओसरत गेली, आणि १९७२ मध्ये डीन केली यांनी कडक चर्चेस वाढतात असं पुस्तकच लिहिलं. पण सदर्न बॅप्टिस्ट हा तिथला मोठा, कडक पंथ २००६ मध्ये एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या घरात पोचून तिथून तोही उतरणीला लागला. नुसत्या मवाळपणाने माणूस टिकत नाही आणि नुसत्या कडकपणानेही टिकत नाही.

मग टिकतो कशाने? याचं उत्तर लखनौच्याच मातीत आहे.

ई. स्टॅन्ली जोन्स हा तरुण मेथडिस्ट मिशनरी १९०७ मध्ये भारतात आला तो लालबागच्या इंग्रजी मंडळीचा पाळक म्हणून. पुढे त्याने सुशिक्षित हिंदू-मुसलमानांबरोबर गोलमेज बैठका घेतल्या. तिथला नियम साधा होता: वाद घालायचा नाही, प्रत्येकाने आपल्या श्रद्धेने आपल्याला आयुष्यात काय दिलं तेवढं प्रामाणिकपणे सांगायचं. जोन्सने तिथे ख्रिस्ताला लपवलं नाही की त्याला अनेकांपैकी एक म्हटलं नाही. ख्रिस्ताभोवतीचं पाश्चात्त्य संस्कृतीचं कवच तेवढं बाजूला ठेवलं. ख्रिस्ती धर्म या देशात आपलासा कसा व्हावा, हे त्याने गांधीजींना विचारलं होतं. गांधीजींनी चार गोष्टी सुचवल्या, आणि १९२५च्या आपल्या पुस्तकात जोन्सने त्या नोंदवल्या. ख्रिस्तासारखे जगा, धर्मात भेसळ करू नका की तो सौम्य करू नका, प्रेमाला मध्यभागी ठेवा, इतर धर्मांचा सहानुभूतीने अभ्यास करा. आपला धर्म पातळ करू नका, हे एका हिंदूने ख्रिस्ती माणसाला सांगितलं! चारही गोष्टी एकत्र घ्यायच्या आहेत. पहिला पक्ष दुसरी गोष्ट गाळतो, दुसरा पक्ष चौथी गाळतो, आणि पहिली बहुतेक सगळेच गाळतात.

त्या पहिल्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण श्रद्धेशी तडजोड हा आरोप नेहमी तरुणांवर होतो. ख्रिस्तात सगळे एक आहेत असं आपण वाचतो आणि लग्न जुळवताना पूर्वीची जात विचारतो. मंडळीच्या जमिनीवरून बंधुजन एकमेकांना कोर्टात खेचतात. निवडणूक आली की कमिटीत गट पडतात आणि प्रभुभोजनाला मात्र सगळे एका रांगेत उभे राहतात. तरुण हे बघतो. तो निघून जातो तेव्हा त्याने सिद्धांत नाकारलेला असतोच असं नाही. अनेकदा तो आपल्यापेक्षा सिद्धांताला जास्त खरा मानत असतो. ही तडजोड विशीतल्यांनी केलेली नाही, साठीतल्यांनी केली आहे, आणि ती आधी सोडायला हवी.

आता प्रश्नांबद्दल. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. त्रैक्याबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल त्यांनी प्रश्नांची झोड उठवली. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, इथपर्यंत. वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डिन यांचं रमाबाईंवर प्रेम होतं, पण त्यांना आधी आज्ञापालन हवं होतं. रमाबाईंची पत्रं या ओढाताणीने भरलेली आहेत. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी वेगळी वाट धरली. त्या स्वतः श्रद्धावान होत्या आणि आपली श्रद्धा त्यांनी लपवली नाही. पण रमाबाईंना विचार करू द्या, त्यांना उत्तरं द्या, असा त्यांचा आग्रह होता. त्या प्रश्नकर्तीचं पुढे काय झालं? तिने केडगावला मुक्ती मिशन उभारलं आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं खर्ची घातली. आमच्या दृढीकरणाच्या वर्गांत आजही पाठांतराला गुण आहेत, प्रश्नाला नाहीत. रमाबाई त्या वर्गात बसल्या असत्या तर त्यांना उद्धट ठरवलं गेलं असतं.

आणि प्रश्नांइतकीच जबाबदारी महत्त्वाची. मिशनरी इझाबेला थोबर्न यांनी १८७० मध्ये अमीनाबादच्या बाजारात सहा मुलींना घेऊन शाळा सुरू केली. तिथे शिकलेली लीलावती सिंह पुढे तिथेच शिकवू लागली, आणि १९०० मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्यासपीठावरून बोलली. श्रोत्यांत माजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन होते आणि त्यांनी तिची तोंडभरून वाखाणणी केली. तेव्हा तिने नुकतीच तिशी ओलांडली होती. थोबर्नबाईंनी या मुलीला प्रेक्षकांत बसवलं नाही, बोलायला उभं केलं. पण त्याच संस्थेला पहिली भारतीय प्राचार्या, कॉन्स्टन्स प्रेम नाथ दास, मिळाल्या त्या १९३९ मध्ये, म्हणजे एकोणसत्तर वर्षांनी. अधिकार सोडायला चांगल्या माणसांनाही इतका वेळ लागतो. आमच्या मंडळ्यांत तरुण संघाला नाताळची सजावट, कॅरल्स आणि खुर्च्या लावणं मिळतं. हिशेब, शिकवण, धोरण, मत यांतलं काही मिळत नाही. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याच्याकडून आपलेपणा मागायचा कोणत्या तोंडाने?

आणखी एक. आजच्या मुलांच्या मनावरचा ताण खरा आहे, आणि ‘प्रार्थना कमी पडते’ असं म्हणून तो जात नाही. जोन्स स्वतः लखनौत मनाने आणि शरीराने पार खचला होता. इथल्याच चर्चमध्ये गुडघे टेकून आपण बरे झालो, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. पण त्याच माणसाने १९५० मध्ये इथे नूर मंजिल हे मानसोपचार केंद्र काढलं. प्रार्थनेने बरा झालेल्याला डॉक्टर बोलावण्यात अविश्वास दिसला नाही. ज्या मंडळीत तरुणाला ‘मला झोप येत नाही, जगावंसं वाटत नाही’ असं न लाजता सांगता येईल, तिथे तो राहील.

तेव्हा माझी मागणी साधी आहे, लखनौच्या मंडळ्यांकडे आणि महाराष्ट्रातल्याही. विश्वासांगीकारातला एक शब्दही बदलू नका. तो दर रविवारी म्हणा आणि महिन्यातून एकदा त्यातलं एक वाक्य घेऊन तरुणांच्या प्रश्नांना उभे राहा. उत्तर येत नसेल तर शोधून पुढच्या महिन्यात द्या. पास्टोरेट कमिटीत पंचविशीच्या आतले निदान दोघे मतासह घ्या. उपदेशाला वर्षातून काही रविवार त्यांना द्या, चुकले तर प्रेमाने दुरुस्त करा. आणि लग्नात जात विचारणं याच वर्षी थांबवा.